किती पोळ्या करू?

गेल्या वर्षी माझ्या रक्तातील साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ६.२ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून पुढे थेट घरात प्रवेश, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले आणि एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी कोरा कागद पुढे ओढून पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, दिवसाला पोळ्या किती खाता?"

मला उत्तर देता येईना. ज्या बाईने तेहतीस वर्षे रोज सकाळी परातीसमोर उभे राहून "किती पोळ्या करू?" असे घरभर विचारले, तिला स्वतःचा आकडा ठाऊक नव्हता. यजमानांच्या तीन, मुलाच्या चार, लेकीच्या दोन, सासूबाईंची दीड हे मला झोपेतून उठवले असते तरी सांगता आले असते. कोण तापात असला की एकीवर येतो आणि कोण भांडण झाले की एक जास्त खातो, इतका बारीक तपशील माझ्याकडे होता. माझ्या पोळ्या मात्र कधी मोजल्या गेल्या नव्हत्या, कारण त्या माझ्या नावाने केलेल्याच नसत. सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर डब्यात जे उरे, ते माझे जेवण. एखाद्या दिवशी ती एकच पोळी असे. मुलगा बाहेरून खाऊन आला असेल त्या दिवशी तीन असत. आणि दोन्ही दिवशी आपण पोटभर जेवलो, असेच मला वाटत असे. या शेवटच्या वाक्याचे नवल मला साठीच्या उंबरठ्यावर, त्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा वाटले.

"दोन-तीन" असे मोघम सांगून मी वेळ मारून नेली. बाई फसल्या नसाव्यात. त्यांनी एक वही घालायला सांगितली आणि पंधरा दिवस तोंडात जाईल ते सगळे तिच्यात लिहा, असे बजावले.

पोळी हे आपल्याकडचे भुकेचे माप आहे. (सासरी तिला चपाती म्हणत आणि माझ्या तोंडची पोळी ऐकून सुरुवातीला सासूबाई पुरणाची शोधत असत, पण त्या वादात आता शिरत नाही.) माणसाची ओळखसुद्धा आपण या मापाने करून देतो. तो चार पोळ्यांचा गडी आहे, ती एका पोळीची बाई आहे. गंमत अशी, की हे माप कोणत्याच दोन घरांत सारखे नसते. एका घरी तळहाताएवढे फुलके, दुसऱ्या घरी तेल लावून घडी घातलेली आणि तवाभर पसरलेली पोळी. वजनात ती सहज फुलक्याच्या दुप्पट भरेल. पण तीन पोळ्यांचा माणूस दोन्ही घरी तीनच खातो. पाहुणा म्हणून गेल्यावर "तुमचे फुलके लहान आहेत, तेव्हा मला सहा वाढा" असे म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

या वागण्याला मानसशास्त्रात 'युनिट बायस' असे नाव आहे, हे मला पुढे वाचनात आले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये काही साधे प्रयोग प्रसिद्ध केले. एका इमारतीच्या दारापाशी, आपल्या जेम्ससारख्या रंगीत चॉकलेटच्या गोळ्यांनी भरलेले भांडे ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हवे तेवढे घेण्याची मुभा दिली. भांड्यातला चमचा काही दिवस लहान असे आणि काही दिवस त्याच्या चौपट मोठा. मोठा चमचा असलेल्या दिवशी लोकांनी बऱ्याच अधिक गोळ्या खाल्ल्या. जे एक नग म्हणून समोर येते ते एक खाणे म्हणजे योग्य तेवढे खाणे, अशी आपली न बोललेली समजूत असते, एवढाच त्याचा अर्थ. माझा मुलगा टोरांटोला असतो. तिथल्या दुकानातून तो तयार, गोठवलेल्या पोळ्यांची पाकिटे आणतो. मी तिथे गेले तेव्हा त्यातली एक पोळी हातात घेऊन पाहिली, तर ती माझ्या दीड पोळीएवढी होती. तरी पठ्ठ्या चारच खातो. चारचा आकडा त्याने पुण्याहून सामानाबरोबर नेला आहे आणि पोळी बदलली तरी तो बदललेला नाही.

माझे माहेर रत्नागिरीकडचे, म्हणजे भाताचे. भाताला मोजमाप नाही आणि माझी सगळी गोम तिथे असावी. पहिला भात वरणाशी, दुसरा आमटीशी. पानात आमटी उरली म्हणून थोडा भात घ्यायचा. मग भात उरला म्हणून त्यावर ताक. ताक जास्त झाले म्हणून पुन्हा चमचाभर भात, आणि हे सगळे संपेपर्यंत लोणच्याची फोड उरलेली असतेच. यात भूक कुठे संपली आणि हिशेब जुळवणे कुठे सुरू झाले, हे माझी आईही सांगू शकली नसती. जेवण पोटाने थांबत नसे. पातळ आणि घट्ट यांची पानात बरोबरी झाली की थांबत असे.

सासूबाई साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या, भाकरीवर वाढलेल्या. त्यांनी १९७२ चा दुष्काळ ऐन तारुण्यात काढला होता. रेशनवर आलेल्या अमेरिकेच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, यांच्या आठवणी त्या कोरड्या आवाजात सांगत. पानात टाकलेला घास त्यांना बघवत नसे, आणि का बघवत नसे हे कळल्यावर त्यांच्याशी वाद घालण्याची कोणाची छाती नव्हती. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी माझ्याकडे नव्हती, आणि ती म्हणजे चतकोर. "चतकोर दे" असे त्या म्हणत आणि खरोखर चतकोरच घेत. भाकरीच्या भाषेत अर्धी आहे, चतकोर आहे. नग फोडायला तिथे शब्दच दिलेला आहे. अर्धी पोळी मागणाऱ्याला मात्र आपण "आता अर्धी काय ठेवायची, पूर्णच घे" असे म्हणतो आणि तो घेतोही. सासूबाईंचा तो शब्द मी त्यांची काटकसर समजत होते. त्या गेल्यानंतर आमच्या घरात चतकोर उरला नाही.

उपासाच्या दिवशी पोळ्या नसतात, म्हणजे मोजायलाच काही नसते. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण काय उगीच पडली? इतर दिवशी दोन पोळ्यांवर हात धुणारी माझी लेक साबुदाण्याच्या खिचडीच्या दिवशी कढईचा तळ दिसेपर्यंत उठत नसे. साबुदाण्याची चव, दाण्याचे कूट, तूप हे सगळे त्यामागे असेलच, पण "बस" म्हणायला लागणारा आकडा त्या दिवशी सुट्टीवर असतो, हेही खरे.

आणि मग आग्रह. आमच्या माहेरी मे महिन्यात आमरसाच्या जेवणाला आत्या वाढायला असे. तिची पद्धत अशी होती, की कोणाचीही वाटी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. तुम्ही पुरीचा तुकडा बुडवण्यासाठी मान खाली घातली, की वर पाहेपर्यंत वाटी पुन्हा काठोकाठ. "किती वाट्या झाल्या?" असे नंतर विचारले तर प्रत्येक जण "एकच" म्हणे आणि ते कोणी खोटेही बोलत नसे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील, पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेलेल्या ब्रायन वॉनसिंक यांनी टेबलाखालून नळी जोडून आपोआप भरत राहणारे सुपाचे वाडगे तयार केले आणि त्यातून पिणारे लोक साध्या वाडग्यातून पिणाऱ्यांपेक्षा ७३ टक्के अधिक सूप पितात, शिवाय आपण अधिक प्यालो असे त्यांना वाटतही नाही, असे जाहीर केले. ते वाचताना मला हसू आले, कारण ती नळी म्हणजे आमची आत्याच होती.

या वॉनसिंक साहेबांवर माझा एके काळी फार विश्वास होता, हे इथे कबूल केले पाहिजे. जेवणाच्या बशा लहान करा, भूक आपोआप आवरेल, असा त्यांचा सल्ला वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून आपल्यापर्यंत आला होता. त्यामागे जुना दृष्टिभ्रम आहे. बेल्जियमच्या जोसेफ देलबफ यांनी १८६५ मध्ये दाखवून दिले होते, की एकाच मापाचे वर्तुळ मोठ्या वर्तुळात काढले तर लहान दिसते आणि बेताच्या वर्तुळात काढले तर मोठे दिसते. तसाच मोठ्या ताटातला भात इवलासा वाटतो. मी उत्साहाने मोठी ताटे माळ्यावर टाकली आणि लहान आणली. पंधरा दिवसांत यजमानांनी प्रयोगाची वाट लावली. त्यांच्या तीन पोळ्या लहान ताटातही तीनच राहिल्या, कारण पोळ्यांना ताटाशी देणेघेणे नसते, आणि भात मात्र ते दोनदा घेऊ लागले, कारण ताटात एकदम मावेना. पुढे २०१८ च्या सप्टेंबरात बातमी आली, की अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिक समूहाने वॉनसिंक यांचे सहा शोधनिबंध एकाच दिवशी मागे घेतले, आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या चौकशीत आकडेवारीच्या हाताळणीसह संशोधनातले गैरवर्तन सिद्ध झाल्याने त्यांनी राजीनामा दिला. मागे घेतलेल्या लेखांची एकूण संख्या डझनाच्या पुढे गेली. नकळत खाण्यावर जगाला शहाणे करणारा माणूस स्वतःच्या आकड्यांपुढे "पुरे" म्हणू शकला नाही. मी माळ्यावरून ताटे खाली काढली.

तरी सगळेच खोटे ठरले असे नव्हे, आणि इथे आपण सावध राहावे असे मला वाटते. एका माणसाची लबाडी उघड झाली म्हणून "हे सगळे संशोधनच थोतांड" म्हणणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या बार्बरा रोल्स यांनी २००२ मध्ये लोकांना वेगवेगळ्या दिवशी चीज घातलेली मॅकरोनी वाढली; कधी अर्धा किलो, कधी एक किलो, कधी मधली मापे. एक किलो समोर असताना लोकांनी अर्ध्या किलोच्या मानाने ३० टक्के अधिक ऊर्जा पोटात घातली, आणि वाढण्याचे माप बदलत होते हे निम्म्याहून कमी जणांच्या ध्यानात आले. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा ७२ अभ्यासांची एकत्र छाननी केली तेव्हाही वाढप, पाकीट किंवा भांडे मोठे असले की खाणे वाढते, असाच निष्कर्ष निघाला. फरक थोडा असतो, पण तो रोजचा असतो.

पंगतीचेही तसेच. जॉन डी कॅस्ट्रो यांनी १९८९ मध्ये लोकांच्या आठवडाभराच्या जेवणाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा इतरांसोबत घेतलेले जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्के मोठे निघाले. आपल्या पंगतीला तर त्यावर आणखी एक नियम असतो, की सगळ्यांचे आटोपल्याशिवाय कोणी उठायचे नाही. पंगतीत एखादे आजोबा सावकाश जेवणारे असले की बाकीच्या वीस जणांच्या पानांत मठ्ठा, जिलबी आणि मसालेभाताच्या आणखी दोन फेऱ्या होतात. पूर्वीच्या लोकांना बेताने जेवायचे कळत होते, असे हल्ली फार ऐकू येते. पोटाचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला मोकळा ठेवावा, हे आयुर्वेदाचार्य वाग्भटाने सांगितले होते खरे. पण ज्या घरांत ते पाठ होते त्याच घरांत पैजेवर जिलब्या खाणाऱ्यांचे किस्सेही कौतुकाने सांगितले जात. डाव्या बाजूच्या चटण्या-कोशिंबिरी, उजवीकडच्या भाज्या, मधला वरणभात, गोड पदार्थ अशी आपल्या पानाची मांडणी सुंदर असते, पण एका चवीला जीभ विटली की दुसरी तयार, अशी तिची रचना आहे. ती कमी खाण्यासाठी केलेली नाही.

वहीकडे वळते. पहिल्या आठवड्यात तिच्यात फार काही सापडले नाही. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या-भाजी-आमटी-भात, चार वाजता चहा, रात्री पुन्हा तेच. वाचून मलाच वाटले, की ही बाई तर पाखराएवढे खाते. मग एका सकाळी दाण्याचे कूट करताना मी वही ओट्यावरच उघडी ठेवली आणि हात तोंडाकडे जाईल तेव्हा तेव्हा एक काडी मारायची असे ठरवले. दुपारी बारापर्यंत चौदा काड्या झाल्या. कुटातला चिमूटभर, भाजी शिजली का पाहायला दोन फोडी, यजमानांच्या नाश्त्यातला उरलेला शिरा, फ्रिजमधली कालची अर्धी वाटी उसळ ("कुठे ठेवत बसायची" म्हणून), नासू नये म्हणून केळे, साय. यातले काहीही मी "खाल्ले" नव्हते. मी फक्त चाखले होते, संपवले होते, आवरले होते. आमच्या घरी खाणे म्हणजे बसून खाणे. उभ्याने पोटात गेलेल्या घासांची क्रियापदेच वेगळी होती आणि म्हणून ती स्मरणात कुठे नोंदली जात नव्हती.

स्मरणाचा आणि भुकेचा संबंध किती घट्ट आहे, हे ज्या प्रयोगाने मला कळले तो वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. रोझिन यांनीच १९९८ मध्ये दोन अशा रुग्णांबद्दल लिहिले, ज्यांना मेंदूच्या इजेमुळे मिनिटभरापूर्वीचेही आठवत नसे. त्यांना जेवण दिले, ते जेवले. दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा पूर्ण ताट पुढे ठेवले. तेही त्यांनी खाल्ले. त्यानंतर तिसरे ताट आले तर बहुतेक वेळा त्यालाही त्यांनी सुरुवात केली. पोटात जागा नसलेल्या माणसाला आपण जेवलो हे आठवत नसेल, तर पोट एकटे फारसे काही बोलत नाही. बर्मिंगहॅमच्या सुझन हिग्ज यांनी हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने दाखवली: दुपारच्या जेवणाची आठवण करून दिली की लोक नंतर बिस्किटे कमी खातात. माझ्या चौदा काड्यांची आठवण दीड वाजता मला कोणी करून दिलेली नव्हती, त्यामुळे ताटावर मी दररोज उपाशी बाईसारखी बसत होते.

दुसरी चूक तांदळाच्या डब्यात सापडली. त्यात एक पितळी वाटी असते, काठाला पोचा आलेली. घरात पाच माणसे होती तेव्हा मी त्या वाटीने तीन वाट्या तांदूळ घेत असे. सासूबाई गेल्या, मुले गेली, आणि दोघांसाठी मी दोन वाट्या घेऊ लागले, कारण दोघांना एकेक वाटी हे कानाला रास्त वाटते. दोघांना अर्धी वाटी पुरते हे मला त्या वहीने शिकवले. कुकर, कढई, आमटीचे पातेले सगळे पाच माणसांचे होते आणि माझा हात त्यांच्या तळाकडे पाहून माप घेत होता. थोडेसे केले की कढई उदास दिसते, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. जे जास्त होई ते फ्रिजमधल्या लहान वाट्यांमध्ये जाई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी उभ्याने माझ्या पोटात. घरातले अन्न वाया जात नव्हते याचा मला अभिमान होता.

पुढच्या भेटीत बाईंनी वही वाचली, काड्यांच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि पथ्याचा कागद देण्याऐवजी दोनच गोष्टी सांगितल्या. यजमानांच्या आधी किंवा त्यांच्याबरोबर बसून जेवायचे, आणि कणकेचे उंडे लाटायच्या आधी मोजायचे. पहिली गोष्ट सोपी वाटली होती, पण आठवडाभर मला पाटावरून उठून काहीतरी आणायला जायची इतकी घाई होत असे की यजमान शेवटी वैतागले.

उंडे मात्र मी त्याच दिवशी मोजले. यजमानांचे तीन, माझे दोन, असे पाच उंडे परातीच्या कडेला मांडले आणि पीठ लावायला वळले. परत पाहते तो सहावा तोडून झालेला. कोणी अचानक आले तर असावी म्हणून एक पोळी जास्त, हे आईने शिकवले होते, आईला तिच्या सासूने. आणि आमच्याकडे अचानक कोणी यायचे दिवस संपून दहा वर्षे झाली आहेत. इतकी वर्षे येणाऱ्याची ती पोळी रोज कोण खात होते, हे आता निराळे सांगायला नको. ती न करणे काही मला जमत नाही. म्हणून मी ती करते, खात नाही, आणि फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहरी, मिरची, कांदा आणि मूठभर दाणे घालून तिची फोडणीची पोळी होते. एका पोळीची दोघांना अगदीच पुरत नाही, म्हणून परवापासून मी सातवा उंडा घेऊ लागले आहे.